सात रिपॉझिटऱ्या आणि ताईची फाइल

साकोलीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. त्या दिवशी दुसरा तास संपवून स्टाफरूममध्ये डबा उघडत होते, तेवढ्यात एकोडीच्या बाजूच्या गावातल्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, कम्पुटरवाल्यानं सारं साफ करून देल्लं. व्हायरस होता म्हणे. आता तुमचं यादीचं काहीच दिसून नाही राहिलं."

"पेशंटची माहिती?"

"ते पेन ड्राइव्हवर हाय. रजिस्टर बी हाय. पण यादीच निघत नाही, तं फोन कोणाले कराचा?"

मी म्हटलं, घाबरू नका, प्रोग्राम वर ठेवलेला आहे, उतरवून पुन्हा टाकून देते. "वर" म्हणजे इंटरनेटवर. कोड ठेवायच्या एका साइटवर आमचं, म्हणजे माझं आणि माझ्या मैत्रिणीचं, टीमचं खातं होतं आणि त्यात सात रिपॉझिटऱ्या होत्या. रिपॉझिटरी म्हणजे एका कामाच्या सगळ्या कोडची कोठी. पण नुसती कोठी नाही. त्यात कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि काहून बदलली, हे सगळं एकाखाली एक लिहिलेलं राहतं.

एका हातात पोळीचा घास धरून मी खातं उघडलं. पान पांढरं होतं. मधोमध लिहिलं होतं, या टीमकडे अजून एकही रिपॉझिटरी नाही, पहिली तयार करा. खाली एक बटण.

मला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही. मनात आलं, चला, आता हेही. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक विचार आला, जो मी त्या दिवशी कोणाला सांगितला नसता. बरं झालं, सुटले एकदाची.

माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. जुना लॅपटॉप वर्षभरापूर्वी बंद पडला, तेव्हा तो दुरुस्त करत बसले नाही. सगळं वरच आहे, कायले चिंता, असं म्हणून नवा घेतला आणि विसरून गेले. मुलांना मात्र दर वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवते, की प्रत एका जागी ठेवू नका.

हे काम कसं सुरू झालं ते सांगायला हवं.

पॉलिटेक्निक झाल्यावर मी आणि माझी मैत्रीण, दोघी साकोलीतल्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचो. ती एकोडीची. तिच्या मोठ्या बहिणीला सिकलसेल होता, पूर्ण आजार. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोणाच्या ना कोणाच्या घरी आहेच. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, थंडी पडली की हाडं दुखतात, कधी इतकी की माणूस जमिनीवर लोळतो. गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि तपासणी ठरलेल्या दिवशी करावी लागते. ताईचं नेमकं तेच चुकायचं. ती घरी ब्लाउज शिवायची, सणासुदीला कामाचा ढीग असायचा आणि तारीख निघून जायची. मग एकदम दुखणं उभं राहिलं की भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती.

एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या ती आम्हाला म्हणाली, "तुम्ही दोघी दिवसभर त्या कम्पुटरवर टकटक करता. तं मले फोन कराचं एखांदं यंत्र बनवा नं."

आम्ही बनवलं. पेशंटची नावं, तपासणीच्या तारखा, गोळ्या कधी संपणार त्याचा हिशोब, आणि दर आठवड्याला निघणारी यादी. पुढे मोबाइलवर मेसेज जाण्याची सोय केली. जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरने ते वापरायला घेतलं. यादीत पहिलं नाव ताईचं होतं. आमची चाचणीही तिच्यावरच व्हायची. तिच्या दर महिन्याच्या हिमोग्लोबिनचे खरे आकडे एका फाइलमध्ये भरून ठेवले होते. कोडमध्ये काही बदललं की त्या फाइलवर चालवून पाहायचं.

एकदा एका चुकीमुळे, तीन तारखा चुकलेल्या पेशंटला प्रोग्राम मृत धरायला लागला. ताईनं स्वतः ते पडद्यावर पाहिलं आणि पोट धरून हसली. "मी इथं बसून वांगे चिरून राहिली, अन् तुमच्या यंत्रानं मले मारून टाकलं!" ती चूक मी त्याच दिवशी सुधारली. नोंदीत लिहिलं, ताईला जिवंत केलं.

पुढे मैत्रिणीला सरकारी नोकरी लागली आणि ती लाखांदूरला गेली. माझं कॉलेजमधलं सुरू झालं. कोड दोघी मिळून सांभाळत राहिलो. आणि एका हिवाळ्यात ताई गेली. छातीत दुखणं उठलं, दवाखान्यात नेईपर्यंत श्वास पुरला नाही. तिची मुलगी तेव्हा बारावीला होती.

त्यानंतर मैत्रिणीने कोडला हात लावला नाही. मी एकटी ओढत राहिले. सिस्टरचा फोन आला की काहीतरी दुरुस्त करायचं, कधी तारखांचं, कधी प्रिंटरचं. दोन-अडीच वर्षं. मी तिला भेटायला एकदाच गेले, तेरवीनंतर. मग राहून गेलं. पेपर तपासायचे असतात, सासूबाईंचे गुडघे असतात. राहून जाण्याला कारण लागत नाही.

आता तो पांढरा पडदा समोर आल्यावर पहिले दोन दिवस मी दुसऱ्याच गोष्टींना दोष दिला. वाटलं, चुकीच्या खात्याने आत शिरले असेन. माझी दोन खाती होती, एक घरच्या ईमेलचं आणि एक कॉलेजच्या. कॉलेजने मधल्या काळात ईमेलच बदलून टाकली होती, त्यामुळे जुन्या पत्त्यावर पासवर्ड बदलायचा मेसेज जाईना. कार्यालयातल्या बाबूंच्या मागे लागून तो पत्ता दोन दिवसांसाठी उघडून घेतला. आत गेले तर तिथे एकच रिपॉझिटरी, बेरीज-वजाबाकी करणारा कॅल्क्युलेटर, मुलांना दाखवायला केलेला.

मग वाटलं, यादीवर काही गाळणी लागली असेल, लपवलेल्या असतील. सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी साइटवाल्यांना लिहिलं. चार दिवसांनी नम्र उत्तर आलं. तुमच्या टीमच्या रिपॉझिटऱ्या टीमच्या मालकाने काढून टाकल्या आहेत. काढलेल्या रिपॉझिटऱ्या ठरावीक मुदतीत परत आणता येतात, पण ते मालकच करू शकतो. तुम्ही सदस्य आहात.

मालक म्हणजे ती. खातं तिनेच उघडलं होतं. मला कोडमध्ये सगळं करता यायचं, पण खात्याच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तो मेल मी तीनदा वाचला. राग आला नाही. पावसाळी हवा होती, वर्गात पंखा घरघरत होता, मुलं खिडकीतून बाहेर बघत होती. मी फळ्यावर लिहायचं सोडून खुर्चीत बसून राहिले.

मधल्या काळात सिस्टर रजिस्टर पाहून एकेकाला हाताने फोन करत होती. "होऊन जाते मॅडम," म्हणायची, "पण मान दुखून राहिली." मला तिच्यासमोर लाज वाटायची.

मैत्रिणीला फोन केला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला. "शनिवारी ये. घरी आहो."

शनिवारी सकाळच्या एसटीने लाखांदूरला निघाले. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बस बायांनी भरली होती, प्लास्टिकचे कागद आणि डबे घेऊन निघालेल्या. एकीने मला सरकून जागा दिली. बांध्यांमध्ये पाणी भरलेलं, परे, म्हणजे धानाची रोपं, लावून झालेला भाग हिरवा, न लावलेला राखाडी. मी लॅपटॉपची बॅग मांडीवर धरून बसले होते. तिला काय विचारायचं याचे प्रश्न मनात लावून ठेवले होते आणि प्रत्येक फाट्यावर त्यातला एकेक सोडून देत होते.

तिनं दार उघडलं. केस पिकले होते, माझ्यापेक्षा जास्त. पाणी दिलं. बसली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मीच काढलं सारं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "काहून, तेवढं सांग."

तिनं मोबाइल काढला, एक फोटो उघडला आणि माझ्यापुढे धरला. इंटरनेटवर ताईचं पूर्ण नाव टाकून शोधल्यावर काय येतं, त्याचा फोटो होता. यादीत दुसऱ्याच क्रमांकावर आमची फाइल. ताईचं नाव, आडनाव, गाव, वय, आजाराचा प्रकार, आणि खाली महिन्या-महिन्याचे आकडे.

"ऑफिसात एक दिवस काम नव्हतं," ती म्हणाली. "ताईची लय आठवण येऊन राहिली होती. तं असंच नाव टाकून पाह्यलं. मले वाटलं काही नाही निंगणार. आपल्यासारख्या माणसाचं काय निंगते इंटरनेटवर? अन् हे निंगलं."

याचा अर्थ मला कळला होता, पण ती बोलतच राहिली.

"ताईच्या पोरीचं लग्नाचं पाहून राहिलो आम्ही. एक जागा आली हाय, चांगले लोकं हायत. पोराचा चुलतभाऊ पुण्याले कम्पुटरमधेच हाय. तो नाव टाकून नाही पाहणार काय? अन् माय सिकलसेलची म्हटलं की पोरीत बी थोडं असतेच, हे आता साऱ्यायले माहीत हाय. आम्ही सांगणारच होतो त्यायले. पण आमच्या तोंडानं. असं नाही."

"ही रिपॉझिटरी तर बंद होती," मी म्हटलं. म्हणजे फक्त आम्हा दोघींना दिसणारी.

"होती. उघडी कोणं केली?"

मी केली होती. ताई गेली त्याच्या आदल्या वर्षी कॉलेजात कायम होण्यासाठी मुलाखत होती, तेव्हा स्वतःचं काम दाखवायचं होतं. सातही एका सकाळी सगळ्यांसाठी खुल्या केल्या, मुलाखतवाल्यांना पत्ता दिला. त्यात ताईची फाइल आहे हे माझ्या मनातही आलं नाही. म्हणजे फाइल आहे हे माहीत होतं, पण ती माझ्यासाठी चाचणीची फाइल झाली होती. तिच्यात एक माणूस आहे हे मी विसरले होते.

"मले विचारलं काय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त लागलं.

"नाही विचारलं."

"मी आधी नुसती ती फाइल काढाले गेली. काढली. मंग ध्यानात आलं, काढली तरी इतिहासात राहतेच. मागं जाऊन पाह्यलं की जशीच्या तशी. दर महिन्याले आपण नवा आकडा टाकला, तं दर महिन्याची ताई वेगळी साठून हाय तिथं. कुठून कुठून काढू? मंग बसली अन् एकेक करून सारंच काढलं. प्रत्येक वेळी नाव लिवून द्या लागते, खरंच काढाचं हाय काय म्हणते. लिवत गेली."

"मला फोन करायचा होतास."

"तू किती फोन केले मले?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच बसले. मला रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण डोळे कोरडेच होते. ती पोहे घेऊन आली. आम्ही खायला लागलो. ती म्हणाली, "सिस्टरचं कसं चालून राहिलं?" मी सांगितलं, हाताने फोन करते. तिने ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "काढ तुया लॅपटॉप."

तिच्या मोबाइलवरून इंटरनेट जोडलं. ती तिच्या नावाने आत गेली. मालकाच्या पानावर, एका कोपऱ्यात, काढलेल्या रिपॉझिटऱ्यांची यादी होती. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते. यादीत सहा नावं.

"सातवी?" मी विचारलं.

ती पडद्याकडेच बघत होती. "ते मेसेजवाली तवाच काढली होती. ताई गेली त्या साली."

मेसेजवाल्या रिपॉझिटरीत पेशंटना जाणारी वाक्यं होती. आम्ही आधी पुस्तकी मराठीत लिहिली होती, आपणास कळविण्यात येते की. ताईनं वाचून तोंड वाकडं केलं होतं आणि मशीन थांबवून आपल्या बोलीत एकेक वाक्य सांगितलं होतं. ती वाक्यं पाहवेनात म्हणून मैत्रिणीने काढून टाकली होती. अडीच वर्षं झाली होती आणि मला पत्ता नव्हता. त्या कोठीत मी एकदाही डोकावले नव्हते.

सहा परत आणल्या. एक बटण, थोडं थांबणं, पुन्हा पुढची. प्रत्येक आल्याबरोबर मी आधी ती बंद केली, मग पुढची. त्यानंतर इतिहासातून ताईची फाइल काढायचं काम. त्यासाठी एक आज्ञा असते, ती पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत चालत जाते आणि प्रत्येक पानातून तेवढी फाइल उचलून टाकते. दाबलं की मागे फिरता येत नाही.

मी दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. एकदा दाखव मले."

फाइल उघडली. आम्ही वरून खालपर्यंत वाचली. ती मधेच बोट ठेवायची. "हे पोरीच्या दहावीचं साल. हे पाह, इथं किती चांगलं होतं. इथं रक्त चढवलं होतं." शेवटच्या तीन-चार ओळी तिने बोट न ठेवताच वाचल्या. मग स्वतःच हात पुढे करून तिने आज्ञा चालवली. पडद्यावर नोंदींचे आकडे पळत राहिले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

झाल्यावर मी पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं. नाव कुठेच नव्हतं. पण नोंदींमध्ये "ताई" हा शब्द जागोजागी होता. ताईचं वय दुरुस्त केलं. ताईला जिवंत केलं. मी विचारलं, हेही काढायचं का.

"राहू दे," ती म्हणाली. "ताई म्हणजे कोणाची बी ताई."

संध्याकाळच्या बसने परत आले. येताना उभ्यानेच आले.

पुढचे आठवडे नुसते कंटाळवाणे होते. साइटवाल्यांकडे अर्ज करून त्यांच्याकडच्या साठवलेल्या प्रती पुसायला लावल्या. कोणा अनोळखी माणसाने आमच्या एका रिपॉझिटरीची नक्कल आपल्या खात्यात करून ठेवली होती, त्याला दोनदा लिहिलं. तो काही बोलला नाही, पण काही दिवसांनी ती नक्कल नाहीशी झाली. शोधल्यावर येणारं पान मात्र लवकर जाईना. मी रोज सकाळी चहा ठेवून ताईचं नाव टाकून बघायचे. एक दिवस आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तरी आठवडाभर बघत राहिले.

सिस्टरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवला. यादी निघाली. मेसेजच्या जागी मी काहीतरी साधं लिहून दिलं. तिने ते वाचलं आणि मान हलवली. "असं नव्हतं हे. लोकायले आवडत होते ते मेसेज."

मी म्हटलं, हरवले ते.

"हरवले कसे? लोकायच्या मोबाइलमधे असतीन नं."

मला हे सुचलं नव्हतं. मी कॉम्प्युटर शिकवणारी बाई. पुढच्या महिन्यात जो पेशंट तपासणीला येईल, त्याचा मोबाइल मागून ती जुने मेसेज पाहू लागली. बहुतेकांचे पुसले गेले होते. पण एका म्हाताऱ्या बाबाजींना मेसेज पुसता येतच नव्हते, त्यांच्या मोबाइलमध्ये सगळे होते. सिस्टरने ते कागदावर उतरवून मला पाठवले. "बाबाजी, गोळ्या सरल्या असतीन, उद्या येजा." "थंडी पडली, पाणी पेत जा, शेकत जा." "मांगच्या बारीले आले नाही, राग नाही, या बारीले या." अशी नऊ वाक्यं. काही वाक्यं बाबाजींना कधी गेलीच नव्हती, ती दोन-तीन तरी कायमची गेली. मैत्रिणीला फोन करून वाचून दाखवली. ती ऐकत होती आणि एका ठिकाणी म्हणाली, "पेत जा नाही, पेत राहा असं होतं." मी तसं केलं.

ताईच्या मुलीची ती जागा जुळली नाही. घरच्यांनी स्वतः सगळं सांगितलं, त्या लोकांनी चहा घेतला, चांगलं बोलले आणि मग कळवलं नाही. माझ्या चुकीचा त्यात भाग होता का, हे मला कधीच कळणार नाही. मैत्रिणीला विचारायची हिंमत झाली नाही आणि तिने ते कधी काढलं नाही. वर्षभराने तुमसर तालुक्यातली, बपेऱ्याकडची दुसरी जागा आली. पहिल्याच बैठकीत मुलीने तोंडाने सांगितलं, मी वाहक आहे, म्हणजे आजार नाही पण रक्तात अंश आहे, तुमच्या मुलाची तपासणी करून घ्या. मुलाच्या आईने विचारलं, कुठं करतात? सिस्टरनेच ती केली. मुलगा साफ निघाला.

लग्नात मी गेले होते. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मैत्रीण कामात होती, आम्ही नीट बोललो नाही. निघताना तिने माझ्या हातात जेवणाचा डबा दिला आणि म्हणाली, "मालक म्हून माह्यं नाव काढ आता. तुयं टाक. सिस्टरचं बी टाक."

तिचा पासवर्ड घेऊन मी टाकलं. सिस्टरला आत जायचा पासवर्ड दर दोन महिन्यांनी आठवत नाही आणि तिचा फोन येतो, नेमका माझ्या दुसऱ्या तासाला. मी वर्गाबाहेर येऊन तो बदलून देते. प्रत आता तीन जागी ठेवते.